लंडन ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग येताना विमान लवकर कसं पोचतं?

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत हवाई अंतर साधारण ५,५४० किमी. जेट विमानाचा ताशी ९०० किमी वेग धरला तर सहा तासांपेक्षा थोडं जास्त लागायला हवं, पण तिकिटावर जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सात तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. आम्ही नुकतेच जाऊन आलो, त्यामुळे पुढे जाणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे लक्षात घ्या की तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. विमान गेटवरून मागे सरकतं, रनवेच्या रांगेत थांबतं, उतरल्यावर परत गेटपर्यंत जातं, ते सगळं त्यात धरलेलं असतं. जेएफकेला तर ही रांग चांगलीच लांब असू शकते.

जाताना स्क्रीनवरच्या नकाशात मार्ग उत्तरेकडे कमानीसारखा वाकलेला दिसला आणि शेजारच्या काकूंना वाटलं की उगाच वळसा घेतायत. पण वळसा नाहीये तो, पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडाच दिसतो. शिवाय अटलांटिकवरचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात. तिथे वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम म्हणजे जोरदार वाऱ्याची धार वाहते, हिवाळ्यात तर फारच जोरात, जाताना ती समोरून येते आणि येताना मागून ढकलते, म्हणून आमचा जमिनीच्या हिशोबातला वेग जाताना ८०० च्या आसपास रेंगाळत होता आणि येताना १,००० च्या वर गेला! फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्डने १९९६ मध्ये हेच अंतर तीन तासांच्या आत कापलं होतं, पण ते विमान आता इतिहासजमा झालंय.

आता बुकिंगचं. जाताना सकाळचं विमान घ्या, घड्याळ पाच तास मागे जातं त्यामुळे दुपारी उतरता आणि संध्याकाळ हातात राहते. खिडकी उजवीकडची घ्या, ऊन डावीकडून येतं आणि आकाश स्वच्छ असेल तर कॅनडाचा किनारा मस्त दिसतो. येताना बहुतेक विमानं रात्रीची असतात, आणि सात तासांतून जेवण, नाश्ता आणि उतरण्याची तयारी वजा केली तर झोप जेमतेम चार तास मिळते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी निघून रात्री लंडनला पोचणारं विमान शोधा, अशी थोडीच असतात पण माझ्या मते दिवस गेला तरी चालेल, तब्येत नीट राहते.

वारा चांगला मिळून विमान लवकर आलं तरी हीथ्रोवर पहाटे घिरट्या घालाव्या लागू शकतात, कारण तिथे रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं आहेत. त्यामुळे पुढची ट्रेन किंवा विमान तिकिटावरच्या वेळेप्रमाणेच धरा, आणि वेगळं तिकीट असेल तर मध्ये किमान तीन तास सोडा.

मार्चमध्ये जाणार असाल तर अजून एक. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दिवस फरक चारच तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतही फरक चारच तासांचा असतो. विमानाच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात, पण घरच्यांना फोनची वेळ देताना हे लक्षात ठेवा.