गॅमा-किरणांची जोडी, मग क्ष-किरण कशाला?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो: गॅमा-किरण जोडतारे, म्हणजे एक मोठा तारा आणि त्याचा लहानसा घट्ट सोबती. ताऱ्याचा नेहमीचा प्रकाश सोडला तर या जोड्यांची बहुतेक ऊर्जा गॅमा-किरणांत बाहेर पडते, मग क्ष-किरणांची दुर्बीण का लावता? तुम्ही विचारलंत म्हणून पीएसआर बी१२५९-६३ याच जोडीवरून सांगतो.

४८ मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारा पल्सार (मेलेल्या ताऱ्याचा घट्ट, वेगाने फिरणारा गाभा) एका जडशीळ ताऱ्याभोवती १२३७ दिवसांत फिरतो. कक्षा फारच लांबट, त्यामुळे खरी धामधूम असते ती तो ताऱ्याजवळ येतो त्या दोन-तीन महिन्यांत. ताऱ्याभोवती वायूची तिरकी चकती आहे. पल्सार ती सर्वांत जवळ येण्याच्या सुमारे १६ दिवस आधी छेदतो आणि साधारण तितक्याच दिवसांनी पुन्हा. दोघांतून सुटणारे कणांचे वारे एकमेकांवर आदळतात तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना क्ष-किरण सोडतात, म्हणून आलेखात दोन शिखरं उमटतात. (२०२१ मध्ये महिन्याभरानंतर तिसरंही दिसलं!) स्विफ्ट या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीला आलेखावरचा रोजचा एक बिंदू हजार-दोन हजार सेकंदांत मिळतो, फर्मी या अवकाश दुर्बिणीला गॅमा-किरणांत एरवी दिवसचे दिवस फोटॉन गोळा करावे लागतात.

मोजणी सोपी, विश्लेषण नाही. शिखरावर स्विफ्टकडे सेकंदाला सरासरी अर्ध्याहून जास्त फोटॉन आले की कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत दोन फोटॉन पडून एक जास्त ऊर्जेचा मोजला जातो आणि वर्णपट उगाच कडक, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकलेला दिसतो. उपाय म्हणजे प्रतिमेचा मधला भाग कापून भोवतीचं कडं तेवढं घ्यायचं. उलट शे-दोनशेच फोटॉन असतील तर वायूचं शोषण (वाटेतला वायू किती क्ष-किरण गिळतो ते) आणि वर्णपटाचा उतार (जास्त ऊर्जेकडे तो किती झपाट्याने उतरतो ते) एकमेकांना सांभाळून घेतात: एक वाढवला की दुसराही वाढतो, जुळणी तितकीच छान. मग बरेच जण शोषण एका आकड्यावर बांधून टाकतात. मला ते पटत नाही. चकती छेदताना बदलतं ते शोषणच, तेच हरवतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांची निरीक्षणं एकत्र करा.

तिसरी भानगड शेजाऱ्याची. आकाशात अवघ्या १० कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सुमारे ७०० सेकंदांत एक गिरकी घेणारा दुसरा क्ष-किरण पल्सार बसलाय. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाला प्रतिमा घेता येत नाही, त्याचं दृष्टिक्षेत्र सुमारे एक अंशाचं, म्हणजे दोघांचा प्रकाश एकाच डब्यात. तिथे ७०० सेकंदांची लय दिसली तर आधी शेजाऱ्याचा वाटा काढा, नाहीतर नुस्टार या प्रतिमा घेणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा सोबत ठेवा.

रेडिओ निरीक्षणांची जोड आपल्या खोडदच्या (पुणे जिल्हा) जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडून मात्र मिळत नाही. हा तारा तिथे क्षितिजावर जेमतेम सात अंश चढतो, तिच्या तबकड्या तेवढ्या झुकत नाहीत. पुढची जवळीक नोव्हेंबर २०२७ मध्ये.