नोंद ९: शातो मुसार, तीन दिवसांत एक बाटली

मागच्या वेळी म्हटलं होतं ना की नाशिकच्या शिराझ वाइन आता बास, जरा लांबचं काहीतरी उघडू. तर उघडली. लेबननची शातो मुसार, रेड वाइन, २०१६ ची. भाच्याने मे महिन्यात दुबईहून येताना आणली होती, तेव्हापासून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात गवारीखाली आडवी पडून होती, कारण आमच्या इंदूरच्या बेचाळीस डिग्रीत कपाटात ठेवली असती तर आतल्या आत शिजूनच निघाली असती. बायको दर रविवारी भाजी भरताना विचारायची, हे बाळ कधी उठणार आहे?

शनिवारी उठवलं. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची ती विसरलो, आणि ही वाइन ते लोक फिल्टर करत नाहीत, म्हणजे गाळ सगळीकडे. वर कॉर्क अर्ध्यात तुटलं. उरलेलं आत ढकललं आणि चक्का बांधायच्या फडक्यातून (साबणाचा वास नसलेल्या!) सगळी वाइन स्टीलच्या जगमध्ये गाळली.

पहिला ग्लास नाकाशी नेला तर थेट नेलपॉलिश रिमूव्हर. म्हटलं गेली, भाच्याला काय सांगायचं आता. पण मग आठवलं की मुसार याच वासासाठी बदनाम आहे, व्होलाटाइल ॲसिडिटी म्हणतात ती, म्हणजे हवेत उडणाऱ्या आम्लांचा वास, कुणी याला दोष म्हणतं, कुणी याच्यासाठीच पैसे मोजतं. अर्धा ग्लास कसाबसा प्यायलो, बाकीची बाटलीत परत भरून बूच लावून फ्रिजात.

या घराण्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १९३० मध्ये गास्तों होशारने गझीर नावाच्या गावात, बैरूतच्या उत्तरेला, एका जुन्या गढीत वायनरी काढली. द्राक्षं मात्र डोंगरापलीकडे बेका खोऱ्यात, साधारण १००० मीटर उंचीवर. काबर्ने सोविन्यों, सँसो आणि कारिन्यां, या तीन जातींच्या द्राक्षांची ही रेड. मुलगा सर्ज फ्रान्समध्ये, वाइनसाठी प्रसिद्ध बोर्दोला शिकून आला आणि १९५९ ला वाइन त्याच्या हातात आली. आणि १९७५ ला यादवी सुरू झाली, ती थेट १९९० पर्यंत! मळा एकीकडे, वायनरी दुसरीकडे, मध्ये डोंगर आणि लढणारे लोक, आणि द्राक्षांचे ट्रक त्यातून जाणार. १९७६ ची वाइन झालीच नाही. १९८४ ला ट्रक इतके रखडले की द्राक्षं वाटेतच आंबायला लागली. तरी बाकीच्या वर्षांची वाइन माणसाने काढली, हे मला अजून झेपत नाही, आपल्याकडे दोन दिवस लाईट गेली तरी इडलीचं पीठ फेकून देतो आपण. देशाबाहेर नाव झालं ते १९७९ च्या ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात, मायकेल ब्रॉडबेंट या नावाजलेल्या ब्रिटिश वाइन समीक्षकाने तिथे तोंड भरून कौतुक केलं तेव्हा.

आणि ही वाइन बाजारात येते ती तोडणीनंतर सातव्या वर्षी. आधी सिमेंटच्या टाक्या, मग वर्षभर फ्रेंच ओकची पिंपं, मग मिश्रण, मग बाटलीत काही वर्षं नुसतं पडून राहायचं. म्हणजे त्यांनी सात वर्षं थांबायचं आणि मी दहा मिनिटांत निकाल लावायला बसलो होतो.

रविवारी रिमूव्हर बराच उतरला, सुकी चेरी आणि जुन्या चामड्याच्या पाकिटासारखं काहीतरी आलं. गराडूबरोबर (आमच्याकडचा तळलेला कंद) घेतली, हे मात्र करू नका, वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याच्या तिखटाने वाइन नुसती जळजळते.

सोमवारी, मटणाच्या साध्या सुक्याबरोबर, कसली मस्त! अंजीर, लवंग, थोडी ओली माती, आणि आंबटपणा असा की पुढचा घोट आपोआप घेतला जातो. माझ्या वहीत आजवरचा सगळ्यात जास्त मार्क, दहापैकी साडेआठ. दीड मार्क शनिवारचे कापलेत.

फडक्याचा जांभळा डाग निघालेला नाही. पुढच्या श्रीखंडाच्या आधी नवं आणायचं कबूल केलंय.