एकाच व्हिनिअरमधले घन

लाकडी नक्षीत मला फुलापानांपेक्षा घनांचा नमुना जास्त आवडतो. बहुतेकजण त्यासाठी फिकं, मध्यम आणि गडद अशी तीन लाकडं घेतात. मी एकच घेते, शक्यतो सरळ रेषांचं, म्हणजे सरळ तंतूंचं, अक्रोड.

व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. ०.६ मिमी जाडीच्या व्हिनिअरच्या रेषांच्या दिशेने सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. मग पट्टी ६० अंशांत तिरकी कापत जायचं. दोन कापांमधलं लंबांतर पट्टीच्या रुंदीइतकंच हवं, म्हणजे समभुज चौकोन मिळतात. तिरक्या कापात कडेची शकलं उडतात, म्हणून रेघेवर आधी कागदी टेप लावते. सुरीही दाबायची नाही, हलक्या हाताने तीन-चारदा फिरवायची.

तीन चौकोनांचे १२० अंशांचे कोपरे एकत्र आणले की घन उभा राहतो. तिघांचे रेषे तीन दिशांना, त्यामुळे प्रकाश वेगवेगळा परततो. फळी फिरवली की उजळ बाजू गडद होते! रंग लावून हे जमणार नाही.

दर्शनी बाजूला पाण्याने ओली करून चिकटवायची डिंकाची टेपच लावा. वाळताना ती आकसते आणि सांधे आवळते. फळीवर चिकटवायचा सरस अर्थातच उलट बाजूला.