फुकट का सांगता?

"साहेब, घर बांधणीबद्दल हे सगळं लिहून फुकट वाटता, मग तुमच्याकडे येणार कोण?" बरोबरीचे इंजिनिअर विचारतात, ज्यांची घरं मी बांधली ते मालकही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

साताऱ्याजवळच्या एका गावात निवृत्त गुरुजींचं घर बघायला गेलो होतो. स्लॅब भरून जेमतेम चार वर्षं झालेली आणि छताचे पोपडे सुटत होते. स्टुलावर चढून एक पोपडा काढला, तर मागे गंजून फुगलेली सळई. कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, जवळजवळ नव्हतंच, सळई सेंट्रिंगच्या प्लेटांवर टेकवूनच माल ओतला होता. हातातला काँक्रीटचा तुकडा बोटांनी कुस्करला गेला. म्हटलं, गुरुजी, माल फार पातळ केला असणार. एम-२०च्या, म्हणजे घरांसाठी नेहमीच्या ग्रेडच्या, मालाला ५० किलोच्या पोत्यामागे पाणी ३० लिटरच्या वर जायला नको, वाळू ओली असेल तर तिचं पाणी त्यातच धरायचं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे दोन बादल्या. हे आधी कोणी सांगितलं असतं तर दिवसभर मिक्सरपाशी उभा राहिलो असतो हो. मी तर पेढे वाटत होतो."

त्या 'दोन बादल्या' माझ्या मनातून गेल्या नाहीत. ३० लिटर हे काही गुपित नाही, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात छापलेलं आहे. पण ते पुस्तक इंग्रजीत, आणि आमच्या कपाटात. ज्याने जन्माची पुंजी घातली तो मालक आणि ज्याच्या हातात बादली आहे तो माणूस, दोघांपर्यंत ते पोचतच नाही. पातळ माल ओढायला सोपा, म्हणून पाणी वाढतं. सिमेंटला नको असलेलं पाणी पुढे उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि तिथूनच ओल सळईपर्यंत जाते. एवढं कारण समजलं की माणूस आपणहून हात आखडता घेतो, हे मी साइटवर पाहिलंय. नुसता दम दिला, तर आपली पाठ वळताच तिसरी बादली पडते.

गिऱ्हाईक कमी होईल ही भीती मला नाही. लेख वाचून कोणी कॉलमचं डिझाइन करत नाही.

आणखी एक कारण आहे. एकदा क्युरिंगबद्दल, म्हणजे भरलेलं काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, लिहिलं, 'किमान ७ दिवस पाणी मारा'. एका मिस्त्रींचा फोन आला. "सर, हल्ली पोतं पीपीसीचं असतं. त्याला सात पुरतात का?" पुस्तक उघडलं. ७ दिवस ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला. पीपीसीला, म्हणजे राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला, किमान १०, आणि १४ पर्यंत वाढवावेत अशी शिफारस. त्याच रात्री दुरुस्ती केली. इतकी वर्षं साइटवर मी सरसकट सातच सांगत आलो होतो आणि कोणी टोकलं नव्हतं.

सध्या कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांवर लिहितोय. रिंगेचं टोक ९० अंशांत सोडायचं नाही, १३५ अंशांत आत वळवायचं, नाहीतर भूकंपात कव्हर सुटलं की रिंग उघडते. शब्दांत ते नीट बसत नाहीये. त्याच मिस्त्रींना म्हटलंय, रविवारी एक रिंग सावकाश वाकवून दाखवा, मी फोटो काढतो.