आबाजी, कोंबड्या आणि बी प्लस

जुलैत आम्ही अमेरिकेहून गावी पोचलो तेव्हा डवरणी सुरू होती. दारव्ह्याहून गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी नुसती वीतभर आली होती आणि सगळे जण पावसाच्या उघडीपीवर नजर ठेवून होते. छपरीत चपला काढतच होतो, तेवढ्यात मोठी आईनं माझ्या लेकीला गाठलं. "किती पडले वं?"

लेक गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. कोण पडलं? मी सांगितलं, मार्क विचारतेय. तिकडे ती दहावीत होती. बाकी विषयांची गाडी सुरळीत होती, तिच्या मनाला लागलं होतं ते नागरिकशास्त्र. तिनं तेच सांगितलं, "सिव्हिक्समध्ये बी प्लस."

"म्हंजे पास नं?" म्हणून मोठी आई चहा टाकायला गेली. पण बंगईवर बसलेल्या माझ्या बाबांनी पाय टेकवून बंगई थांबवली. तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी ३१ वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. असलं अक्षरी उत्तर त्यांना चालणार नव्हतंच.

"शंभरापैकी सांग, बेटा."

"अठ्ठ्याऐंशी, आबाजी."

"मंग बारा कुठं गेले?"

त्या बारा मार्कांवर आमच्या घरात दोन दिवस काथ्याकूट झाला.

आधी एक सांगते. चारचौघांत मार्क विचारणं माझ्या लेकीला फार अवघड गेलं. अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे, विद्यार्थ्याचे गुण शाळेला असे कुणालाही सांगता येत नाहीत. भिंतीवर नाव-गुणांची यादी लावणं तर दूरच. आणि आमच्या एसटी थांब्यावर त्या दिवशी एका मुलाचा दहाबाय आठचा फ्लेक्स झळकत होता. मुलाचा फोटो, टक्के, हार्दिक अभिनंदन, खाली गॉगल घातलेले बारा शुभेच्छुक. लेकीनं विचारलं, "त्याला विचारून लावलं का?" मी हसले. माझा दहावीचा निकाल माझ्या आधी किराणा दुकानदाराला कळला होता.

आता बारा मार्क. आम्ही इलिनॉयमध्ये राहतो, शिकागोपासून पश्चिमेला तासाभरावर. तिथं हायस्कूल संपायच्या आत एक सत्र नागरिकशास्त्र घ्यावंच लागतं. २०१५ साली तसा कायदा झाला. त्या कायद्यात नुसतं 'शिकवा' म्हणून सोडून दिलेलं नाही. सरकारी संस्थांची माहिती, वादग्रस्त चालू विषयांवर वर्गात चर्चा, समाजात जाऊन केलेलं काम, आणि निवडणूक किंवा विधिमंडळाचा खेळ वर्गात उभा करून पाहणं, हे सगळं व्हायला हवं असं कायदाच म्हणतो. शिवाय राज्यघटनेची परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा सोडता येत नाही. देशाची घटना आणि राज्याची घटना, दोन्ही. हो, तिथं प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असते. हे ऐकल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला.

जानेवारीत सत्र सुरू झालं त्या दिवशी लेकीनं चार पानी कागद घरी आणला होता. खाली आईवडिलांची सही हवी. शिक्षकाची अपेक्षा काय, विद्यार्थ्यानं शिक्षकाकडून काय अपेक्षा करावी आणि मार्क कसे मिळणार, सगळं त्यात होतं. चाचण्यांना ४० टक्के, लेखी कामाला २५, चर्चेला २०, गावातल्या कामाला १५. काम उशिरा दिलं तर दर दिवसाला दहा टक्के कपात, तीन दिवसांनंतर शून्य. एक चाचणी पुन्हा देता येईल, पण आधी आपल्या चुका लिहून दाखवायच्या. नव्वदच्या वर ए, साठच्या खाली नापास. आपल्याकडे साठ म्हणजे पहिला वर्ग, पेढे.

लेकीनं तो कागद आबाजींना लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. बाबांनी बोट ठेवून ओळ न ओळ वाचली आणि म्हणाले, "हा तर जी.आर. निंघाला."

घटनेच्या परीक्षेत तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस होते. त्यावर बाबा खूश. पण चर्चेचे मार्क पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. वीसपैकी बारा. चार मार्क इकडचे-तिकडचे गेले होते, पण आठ एकट्या चर्चेत.

तिकडे चर्चा म्हणजे आपली वक्तृत्व स्पर्धा नाही. मुलं गोल करून बसतात, शिक्षक मागे खुर्ची टाकून नुसता लिहीत असतो. विषय होता, मतदानाचं वय अठराचं सोळा करावं का. मार्कांचा तक्ता आधीच हातात दिलेला असतो, चार रकान्यांचा. तुझं म्हणणं काय, त्याला आधार काय, समोरच्याचं म्हणणं तू नीट मांडलंस का, आणि आधी बोललेल्याचा धागा पकडून पुढे गेलीस का. माझ्या लेकीनं घरी तीन पानं तयारी केली होती. तिकडे १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं वय एकवीसचं अठरा झालं, आपल्याकडे १९८९ साली झालं, हे दोन्ही तिला तोंडपाठ. चाळीस मिनिटांत ती एकदा बोलली. तेही छान बोलली, म्हणे. पण धागा नाही, समोरच्याची बाजू नाही. दोन रकाने रिकामे.

तेव्हा मी एक चूक केली, ती इथं कबूल करते. रात्री अकरा वाजता शिक्षकांना मेल ठोकला. माझ्या मुलीला विषय येतो, मग मार्क का कापले? सकाळी दोन ओळींचं अगदी सभ्य उत्तर आलं. पान तिसरं पाहावं, मार्कांबद्दलचा पहिला प्रश्न विद्यार्थ्यानं स्वतः विचारायचा आहे. त्याच पानाखाली माझी सही होती. वाचून सही करायची सवय आपल्याला कुठे असते?

लेक दुपारच्या सुट्टीत जाऊन विचारून आली. मार्क वाढले नाहीत. पण येताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चाळीस वर्षांत कधी अनुभवलं नाही. मास्तरांना 'का' विचारायचं आणि उत्तर ऐकून परत यायचं.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मग मास्तरच्या आवाजात बोलायला लागले. "बोलण्याचे मार्क देणं मले पटत नाही."

मला वाटलं, झालं, जुनं ते सोनं सुरू. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी कितीतरी वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. अमरावती मंडळाकडून गठ्ठे यायचे, सोबत नमुना उत्तरं. मुद्द्याला मार्क. मुद्दा दिसला की बरोबरची खूण, पुढे. लेकीनं विचारलं, "आणि 'सकारण स्पष्ट करा' मध्ये माझं स्वतःचं कारण लिहिलं तर?"

"सकारण म्हंजे पुस्तकातलं कारण, पोट्टे. तुझं कारण कोण तपासन?"

सगळे हसलो. पण ते हसले नाहीत. महाराष्ट्रात दहावीला पंधरा लाखांच्या वर मुलं बसतात. मेळघाटातल्या मुलानं आणि पुण्यातल्या मुलानं एकच मुद्दा लिहिला तर एकच मार्क पडायला पाहिजे. तपासणाऱ्याला नाव माहीत नाही, जात माहीत नाही, पोरगी लाजाळू की धीट माहीत नाही. "माह्या वर्गात मागच्या बाकावरच्या पोरी वर्षभर तोंड उघडत नव्हत्या. पेपर मात्र असा लिहीत की बस. बोलण्याचे मार्क ठेवले असते तर त्या सगळ्या गेल्या असत्या. आणि सरपंचाचं पोट्टं पहिलं आलं असतं."

मी गप्प बसले, कारण त्या पोरींमध्ये मीही होते. ग्रामसभेची व्याख्या मला आजही पाठ आहे, कोरम पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यापैकी जे कमी असेल ते. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. सगळ्याला पैकीच्या पैकी. ग्रामपंचायत आमच्या घरापासून दोनशे पावलांवर, आणि मी तिच्या पायऱ्या एकदाच चढले, रहिवासी दाखला आणायला. सभेला कधी गेले नाही. बाबांनी नेलं नाही. मलाही न्या म्हणायचं सुचलं नाही.

माझ्या लेकीचं तिकडचं वर्गातलं मौन आणि माझं इथलं मौन एकाच घरातलं आहे, हे मला त्या छपरीत कळलं. आठ मार्क तिचे गेले खरे. पण त्याआधी ते माझे गेलेले होते, फक्त कुणी मोजले नव्हते. बाबांचं म्हणणं खोडता मला येत नाही. तिकडच्या वर्गात मोठ्या आवाजाची, घरात जेवणाच्या टेबलावर राजकारण ऐकत वाढलेली मुलं त्या रकान्यांत आरामात बसतात, हे मी पाहिलंय. तरीही न मोजल्यानं आमचं काय भलं झालं, हेही मला सांगता येत नाही.

वातावरण जड झालं होतं, ते लेकीनंच हलकं केलं. गावातल्या कामात तिला पंधरापैकी पंधरा होते. काय केलंस, मोठी आईनं विचारलं.

तर इलिनॉयमध्ये छोट्या नगरांना कायद्यानंच 'व्हिलेज' म्हणतात. त्यांचं एक बोर्ड असतं, एक अध्यक्ष, सहा सदस्य. "म्हंजे सरपंच आन् पंच," बाबा म्हणाले. सभा सगळ्यांना खुली, आणि लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो, तसा राज्याचा कायदा आहे. मुलांनी एका सभेला जाऊन बसायचं, दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून आणायचं आणि एका तरी माणसाशी बोलायचं. लेक गेली त्या दिवशी विषय होता, घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळू द्याव्यात का.

"कोंबड्या पाळाले परवानगी?" मोठी आईच्या हातातली बशी हलली. तिच्या मागे त्या वेळी सहा कोंबड्या उंबऱ्यावरून आत-बाहेर करत होत्या.

हो, परवानगी. दीड तास चर्चा झाली. एक बाई अंड्यांचे फायदे सांगून गेल्या, एक आजोबा वासाबद्दल चिडले, एकानं कोल्ह्यांचा प्रश्न काढला. कोंबडा चालणार नाही यावर मात्र एकमत. लेकीनं त्या चिडलेल्या आजोबांना बाहेर गाठलं आणि दहा मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं. समोरच्याची बाजू नीट मांडली, म्हणून पूर्ण मार्क.

मोठी आईला ही गोष्ट इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळली. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका येऊन विचारून गेले, "बकरीचं कसं हाय तिकडं?"

निघायच्या आदल्या रात्री लाइन गेली होती. बाबा अंधारात बंगईवर, लेक खाली चटईवर. मला वाटलं झोपले. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "तुह्या वर्गात किती पोरं?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस? मंग जमते बाप्पा. माह्या वर्गात बहात्तर होते."

"पण आबाजी, सरांचे असे पाच वर्ग आहेत."

बंगई थांबली. बाबा मनात हिशोब करत असावेत.

"एकशेचाळीस," ते म्हणाले. "रोज गठ्ठा घरी नेत असन बिचारा."