३२ पानांच्या आत

माझ्या पहिल्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे छपाईपूर्वीची नमुनाप्रत, ज्या दिवशी हातात आली, त्या दिवशी माझी आजवरची लेखनाची समज पुन्हा तपासून पाहावी लागली. त्याआधी बरीच वर्षे मी शाळेत शिकवत असे आणि फावल्या वेळात मुलांच्या मासिकांसाठी कथा लिहीत असे. त्या कथांचा सगळा भार शब्दांवर असे. चित्र आलेच तर मजकुराच्या कोपऱ्यात, शोभेपुरते. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचे ठरवले, तेव्हाही हीच सवय माझ्यासोबत आली होती.

चित्रपुस्तकाचे गणित छापखान्यापासून सुरू होते. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना पाने छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा फॉर्म तयार होतो. असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पाने, आणि बहुतेक चित्रपुस्तके याच मापात बसवलेली असतात. शीर्षकाचे पान, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीसाठी बारा-चौदा जोडपानेच (समोरासमोरची दोन पाने मिळून एक) उरतात. माझी संहिता सातशे शब्दांच्या घरात होती. हरवलेल्या मांजराच्या पिल्लाची ती गोष्ट होती.

संपादकांनी डमी टेबलावर ठेवली आणि चित्रकर्तीला व मला शेजारी बसवून ते एकेक पान मोठ्याने वाचू लागले. ‘खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता,’ हे वाक्य वाचून त्यांनी पेन्सिल चित्रावर टेकवली. पाऊस तिथे होताच, आणि माझ्या वाक्यापेक्षा जोरात होता. वाक्य गेले. पडद्याचा रंग, मुलीचा रडवेला चेहरा, रिकामी टोपली, असे सगळे एकामागून एक गळत गेले. टिकले ते चित्रात उतरू न शकणारे: छपरावरचा आवाज, ओल्या लोकरीचा वास, ‘कालपासून’ हा शब्द.

अडलो ते एकाच ठिकाणी. मजकुरात होते, ‘पिल्लू कुठेच दिसेना.’ चित्रात मात्र पडद्याखालून शेपटीचे टोक बाहेर आले होते. शब्द आणि चित्र एकमेकांना खोटे पाडतात, असे मला ठामपणे वाटत होते, तर चित्रकर्ती शेपटी पुसायला तयार नव्हती. संपादकांनी निकाल दिला नाही. डमी घेऊन ते आम्हाला दुपारी एका बालवर्गात घेऊन गेले. इंग्रज लेखिका-चित्रकर्ती बिअट्रिक्स पॉटर यांच्या पीटर रॅबिट या प्रसिद्ध सशाचा जन्म १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात झाला आणि प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये त्यांनी त्या गोष्टीच्या २५० प्रती स्वखर्चाने छापल्या, हे संपादकांनी वाटेत सांगितले. ज्या गोष्टीसमोर खरे मूल बसलेले असते, तिची पारख त्या मुलाजवळच होते, असे त्यांचे मत होते. मलाही आता तेच वाटते.

मी ते पान वाचले. ‘पिल्लू कुठेच दिसेना,’ एवढे म्हणते न म्हणते तोच पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून आली आणि तिने शेपटीवर बोट ठेवले. ‘अगं, आहे ना इथे!’ मग सगळा वर्ग मला समजावू लागला. मी पान उलटायला गेले, तर तिने तळहाताने ते दाबून धरले, कारण मागच्या बाकावरच्या मुलांना अजून शेपटी सापडली नव्हती. वाचता न येणारे मूल ऐकत असताना चित्र वाचत असते, आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या आधी आपल्याला काहीतरी कळले, या आनंदासाठी ते पुन्हा पुन्हा त्याच पानाकडे येते. शब्द आणि चित्र यांत मला जी विसंगती वाटत होती, तिथेच मुलांना शिरायला जागा मिळाली होती.

संध्याकाळी आम्ही तिघांनी पुन्हा डमी उघडली. शेपटी राहिली, वाक्यही राहिले. त्यापुढच्या जोडपानावरचा माझा सगळा मजकूर मात्र मी स्वतःच काढला. तिथे मुलगी पडदा बाजूला करते, आणि ते सांगण्याचे काम आता ऐकणाऱ्या मुलांचे होते. छापायला गेली ती संहिता तीनशे शब्दांहून कमी होती, आणि रॉयल्टी चित्रकर्तीबरोबर निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, हा प्रस्ताव मी त्याच बैठकीत मांडला.