माळ्यावरची तीन यंत्रे आणि त्यांचे परवाने: या महिन्याची प्रगती

भाच्यासाठी नवा लॅपटॉप घेतला. खोक्यात चार्जर, वॉरंटीचे कार्ड आणि घडी घातलेला एक कागद, एवढेच निघाले. विंडोज पुन्हा इन्स्टॉल करण्याची डिस्क नव्हती आणि तळाला 'की' (विंडोजचा परवाना सिद्ध करणारा पंचवीस अक्षरांचा संकेतांक) छापलेले लेबलही नव्हते. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, मी मात्र पहिल्याच संध्याकाळी १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज पुन्हा बसवण्याचे साधन, तयार करून घेतला. मग माळ्यावरची तीन जुनी यंत्रे, म्हणजे दोन लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप, उतरवली आणि कोणताही क्रॅक (परवान्याची तपासणी चुकवणारा बेकायदा उपाय) न वापरता, प्रत्येकाच्या मूळ परवान्यावरच ती पुन्हा उभी करायची असे ठरवले.

सर्वाधिक वेळ गेला तो २०१० सालच्या लॅपटॉपवर. हा माझ्या मेव्हण्यांचा. त्यावर विंडोज ७ होम बेसिक होते. भारतासारख्या बाजारांसाठीच काढलेली ही आवृत्ती तेव्हा स्वस्त लॅपटॉपवर सर्रास मिळे. त्यात रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे मूळ प्रणाली परत बसवण्यासाठी हार्ड डिस्कवर राखलेला भाग, होते, पण डी ड्राइव्हची जागा वाढवून देण्याच्या नावाखाली एका दुरुस्तीवाल्याने ते पुसून टाकले होते, आणि कंपनीने सुचवलेल्या रिकव्हरी डीव्हीडी मेव्हण्यांनी कधी बनवल्याच नव्हत्या.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या उत्पादकांच्या विंडोज ७ यंत्रांत कारखान्यातून आलेली प्रणाली लेबलवरची की वापरतच नसे. बायोसमधील (यंत्र सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूलभूत प्रोग्राममधील) स्लिक नावाचा तक्ता, हार्ड डिस्कवरील उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि त्या उत्पादकाच्या असंख्य यंत्रांना सामाईक असलेली की, ही तिन्ही एकमेकांशी जुळली की इंटरनेटविनाच प्रणाली सक्रिय होत असे. उत्पादकाची स्वतःची डिस्क त्याच्याच यंत्रावर काहीही न विचारता चालायची, त्यामागचे गुपित हेच. पार्टिशन गेल्यावर प्रमाणपत्रही गेले, त्यामुळे माझ्या हाती उरले ते फक्त लेबल.

ते लेबलही मांडीच्या घर्षणाने पुसट झालेले होते. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरला, तेव्हा कुठे पंचवीस अक्षरांचे ठसे उमटून दिसू लागले. या कींमध्ये ०, १ आणि ५ हे अंक, तसेच ओ, आय आणि एस ही अक्षरे वापरलेली नसतात, हे ठाऊक असल्यामुळे बरेच तर्क आपोआप बाद झाले. घोळ राहिला तो बी की ८ आणि जी की ६ यांचाच. चौथ्या प्रयत्नात की स्वीकारली गेली.

त्याआधी डिस्कची अडचण सोडवावी लागली होती. माझ्याकडची डीव्हीडी प्रोफेशनलची होती. विंडोज ७ च्या डिस्कवर सहसा सगळ्याच आवृत्त्या असतात आणि कोणती बसवायची ते सोर्सेस फोल्डरमधील ईआय डॉट सीएफजी ही छोटीशी फाइल ठरवते. ती वगळून नवी डीव्हीडी लिहिली, तेव्हा यादीत होम बेसिक दिसले. अधिकार लेबलवरच्या कीमध्ये असतो, डिस्क हे केवळ भांडे, असे मी नवख्यांना नेहमी सांगतो. या वेळी ते स्वतःच्या हाताने करून पाहिले.

दुसरा लॅपटॉप २०१३ चा. विंडोज ८ पासून की थेट फर्मवेअरमध्ये (बायोसच्या जागी आलेल्या प्रोग्राममध्ये), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहिली जाऊ लागली. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून तो तक्ता उघडला: एकूण ८५ बाइट, आणि त्यांतल्या शेवटच्या २९ बाइटांत जोडरेघांसह संपूर्ण की, कोणत्याही कुलपाविना, सरळ वाचता येईल अशी. विंडोज १० चे इन्स्टॉलर हीच की वाचते, त्यामुळे आवृत्ती न विचारताच त्याने होम सिंगल लँग्वेज बसवले. मोफत अपग्रेडच्या काळात, म्हणजे जुलै २०१६ पूर्वी, हे यंत्र विंडोज १० वर नेलेले होते. त्याचा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर या हार्डवेअरच्या नावे नोंदलेला असल्याने वायफाय जोडताच प्रणाली सक्रिय झाली. या परवान्यांचा आधार मुख्यतः मदरबोर्ड असतो, म्हणून रॅम वाढवून जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तरी काही बिघडले नाही. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण साहाय्य (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, तेव्हा हा लॅपटॉप बँकेच्या व्यवहारांसाठी वापरणार नाही.

तिसरा, विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप मात्र अर्धवटच राहिला. त्याच्या उत्पादकाची मूळ सीडी सोबत आहे, बायोसमध्ये सीरियल एटीएचा (डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा) पर्याय बदलून आयडीई ही जुनी पद्धत केल्यावर हार्ड डिस्कही दिसू लागली. पण फाइली उतरवताना सीडी एकाच जागी अडखळते. चरा बाहेरच्या कडेजवळ आहे. आता दुसऱ्या ड्राइव्हवर तिची प्रतिमा (संपूर्ण सीडीची एका फाइलमधील नक्कल) संथ वेगाने काढून पाहणार आहे.